दोह्यात टेनपिन बोलिंग परत आणा, आणि आणताना एकेरीसह आणा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आशियाई ऑलिंपिक परिषद, कुवेत.

प्रत : मा. अध्यक्ष, भारतीय ऑलिंपिक संघटना, नवी दिल्ली.

विषय : दोहा येथे २०३० साली होणाऱ्या आशियाई क्रीडा स्पर्धेत टेनपिन बोलिंगचा एकेरी प्रकारासह पुन्हा समावेश करण्याबाबत.

महोदय,

२०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत टेनपिन बोलिंगची, म्हणजे लांब पट्टीवरून चेंडू घरंगळवून दहा पिना पाडण्याच्या खेळाची, १२ सुवर्णपदके होती. एकेरी, दुहेरी, तिहेरी, पाच जणांचा संघ, सर्व प्रकारांची मिळून बेरीज आणि मास्टर्स असे सहा प्रकार पुरुषांसाठी आणि तेच सहा महिलांसाठी होते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इंडोनेशियातल्या पालेंबांगमध्ये ही पदके निम्म्यावर आली. त्यानंतरच्या, चीनमधल्या हांगझोऊच्या स्पर्धेत बोलिंग नव्हतेच आणि जपानमधल्या २०२६ च्या आयची-नागोयाच्या यादीतही ते नाही. १९७८ साली बँकॉकमध्ये दाखल झालेला, १९८२ ची दिल्ली आणि १९९० चे बीजिंग वगळता २०१८ पर्यंत प्रत्येक आशियाई स्पर्धेत खेळला गेलेला हा खेळ दोन पावलांत बाहेर गेला. दुसऱ्या पावलाची थोडीफार चर्चा झाली. माझ्या मते खरे नुकसान पहिल्या पावलाने केले आणि त्याकडे आपले लक्ष वेधण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

पालेंबांगमध्ये जे तीन प्रकार उरले ते तिहेरी, सहा जणांचा संघ आणि मास्टर्स असे होते. एकेरी आणि दुहेरी दोन्ही गेले. मास्टर्स हा वैयक्तिक प्रकार असला, तरी त्यात शिरण्याचा रस्ता आधीच्या सांघिक फेऱ्यांतल्या कामगिरीतून जात होता. पदकांची संख्या कमी करायची होती, हे समजण्यासारखे आहे. यजमानांवर खर्चाचा ताण होता आणि इतर खेळांनाही कात्री लागली. पण कात्री लावताना नेमका तोच प्रकार कापला गेला, ज्यात एखाद्या देशाला एकच चांगला खेळाडू पाठवून पदकाची आशा धरता येते. सहा-सहा जणांचे तुल्यबळ संघ उभे करणे दक्षिण कोरिया, जपान, मलेशिया यांना जमते. तिथे शाळा-कॉलेजांतून, राष्ट्रीय शिबिरांतून खेळाडू घडतात. नेपाळ, श्रीलंका, मंगोलिया किंवा आमच्या भारतासारख्या देशांकडे एका वेळी त्या दर्जाचे एक-दोन खेळाडू असतात, फार तर तीन. एकेरी गेली तेव्हाच अशा देशांच्या ऑलिंपिक समित्यांचा या खेळातला रस आटला असणार, आणि पुढच्या यादीतून तो वगळला जाताना त्यांच्यापैकी कोणी आग्रहाने उभे राहिले नसेल तर त्याचे आश्चर्य वाटायला नको.

एकेरीने या स्पर्धेला काय दिले, याची आठवण परिषदेला करून देणे थोडे धारिष्ट्याचे वाटते, कारण नोंदी आपल्याकडेच आहेत. २००२ च्या बुसान स्पर्धेत सिंगापूरच्या रेमी ऑंग यांनी तीन सुवर्णपदके जिंकली. २०१० च्या ग्वांगझोऊ स्पर्धेत फिलिपिन्सला एकूण तीनच सुवर्णपदके मिळाली, एक मुष्टियुद्धात, एक बिलियर्ड्समध्ये आणि तिसरे बोलिंगच्या पुरुष एकेरीत बीबॉय रिव्हेरा यांनी मिळवलेले. दहा कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या त्या देशाच्या सुवर्णपदकांतला एक तृतीयांश वाटा एका माणसाने साठ फुटांच्या पट्टीवर मिळवला. त्याच देशाच्या बाँग कू यांनी १९७८ आणि १९८६ अशा दोन आशियाई स्पर्धांमध्ये सुवर्ण जिंकले होते आणि पाएंग नेपोमुसेनो यांनी १९७६, १९८०, १९९२ आणि १९९६ असा चार वेळा बोलिंगचा विश्वचषक जिंकला होता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बोलिंग प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळले गेले, तेव्हा महिलांची स्पर्धा फिलिपिन्सच्या आरियान सेरदेन्या यांनी आणि पुरुषांची दक्षिण कोरियाच्या क्वोन जाँग-युल यांनी जिंकली. ऑलिंपिकच्या छताखाली हा खेळ एकदाच आला आणि दोन्ही विजेते आशियाई निघाले. आपल्या खंडाला ज्यात कोणाचे बोट धरावे लागत नाही, असे खेळ फार नाहीत.

आता खेळाविषयी थोडे. हे लिहिणे अनावश्यक ठरावे अशी माझी इच्छा आहे, पण बोलिंग म्हणजे मॉलमधली करमणूक हा समज क्रीडा प्रशासनातही खोलवर आहे आणि निर्णयांवर त्याची सावली पडते.

फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या मागूनच चेंडू सोडायचा त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट, म्हणजे साधारण १८.३ मीटर. लेनची, म्हणजे चेंडू ज्यावरून जातो त्या पट्टीची, रुंदी जेमतेम साडेतीन फूट, ती ३९ अरुंद फळ्यांमध्ये मोजली जाते. चेंडूचे वजन जास्तीत जास्त १६ पौंड, सव्वासात किलोच्या आसपास. दहा पिना, प्रत्येकी सुमारे दीड किलोची. एवढे प्रेक्षकाला दिसते. न दिसणारी गोष्ट म्हणजे लेनवर पसरलेले तेल. यंत्राने ठरावीक आराखड्यानुसार लेनच्या पहिल्या ३५-४५ फुटांवर तेलाचा पातळ थर दिला जातो आणि पुढचा भाग कोरडा ठेवला जातो. तेलावर चेंडू घसरत जातो, कोरड्या भागात त्याला पकड मिळते आणि तो वळतो. उजव्या हाताचा खेळाडू एक आणि तीन क्रमांकाच्या पिनांमधली जागा, म्हणजे पॉकेट, साधायला बघतो आणि चेंडू तिथे सुमारे सहा अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे पहिल्याच चेंडूत दहाही पिना पाडण्याची, शक्यता सर्वाधिक असते. उत्तम स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः चारच पिनांना लागतो, एक, तीन, पाच आणि नऊ. उरलेल्या सहा पिना पिनांनीच पडतात. तोच फटका, तोच आवाज, आणि तरी कोपऱ्यातली दहा नंबरची पिन जागची हलत नाही, हे दुःख फक्त बोलिंग खेळणाऱ्याला कळते.

मॉलमध्ये तेलाची जी आखणी असते ती नवख्याला सांभाळून घेणारी असते. मधल्या फळ्यांवर भरपूर तेल आणि कडेला फारच कमी, त्यामुळे बाहेर गेलेला चेंडू कोरड्यात वळून आत येतो आणि आत गेलेला घसरत सरळ जातो, म्हणजे चूक दोन्हीकडून झाकली जाते. स्पर्धेच्या आखणीत मध्य आणि कडा यांच्या तेलात फारसा फरक ठेवलेला नसतो, एक-दोन फळ्यांची चूकही स्ट्राइकऐवजी स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून दूर उभ्या राहिलेल्या पिना, हाती देते. शिवाय हे तेल जागच्या जागी राहत नाही. प्रत्येक चेंडू थोडे तेल उचलून नेतो. सहा गेमच्या फेरीत तिसऱ्या गेमपासून पहिल्या गेममधली रेघ चालेनाशी होते आणि खेळाडूला उभे राहण्याची जागा, लेनवरच्या ज्या बाणावर नजर ठेवायची तो बाण आणि कित्येकदा चेंडूही बदलावा लागतो. तुमच्याच लेनवर खेळणारा दुसरा खेळाडू डावखुरा आहे की उजवा, तो कोणत्या पृष्ठभागाचा चेंडू टाकतो, यावरही तुमची लेन कशी बदलेल हे ठरते. आंतरराष्ट्रीय महासंघाने तेलाच्या आखण्यांना सोल, अथेन्स, मेक्सिको अशी ऑलिंपिक यजमान शहरांची नावे दिली आहेत. ज्या खेळाला ऑलिंपिकमध्ये पदक कधी मिळाले नाही, त्याच्या खेळाडूंना ही शहरे तेलाच्या लांबीवरून पाठ असतात.

हे सर्व मी प्रेक्षक म्हणून लिहीत नाही. नोकरी सांभाळून हौसेने स्पर्धा खेळणाऱ्या भारतातल्या शेकडो जणांपैकी मी एक आहे. आमच्याकडे बहुतेक लेन व्यापारी संकुलांत आहेत. सरावाची वेळ सकाळी मॉल उघडण्याच्या सुमारास, कारण दुपारनंतर गिऱ्हाईक येते आणि एका लेनवर वाढदिवसाच्या मुलांचा घोळका जितके पैसे देतो तितके आम्ही देऊ शकत नाही. अशाच एका ठिकाणी, ज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, आमची स्पर्धा सुरू असताना पलीकडच्या लेनवर जांभळे दिवे लागले, गाणी सुरू झाली, आणि आमच्यातली एक मुलगी सातव्या फ्रेममध्ये, म्हणजे गेमच्या दहा पाळ्यांपैकी सातव्या पाळीत, सलग स्ट्राइकवर असताना तीन वेळा पावले मोजून पुन्हा मागे आली. तेल घालणाऱ्या यंत्रात ठरलेली आखणी भरायला सांगितली होती. तंत्रज्ञाने नेहमीचीच चालवली, कारण दुसरी भरली तर संध्याकाळी परत बदलावी लागते. चालकांना मी दोष देत नाही. भाडे त्यांना भरायचे असते. पण या परिस्थितीतून वर आलेला खेळाडू किती चिवट असेल, याची कल्पना करावी. भारताला आशियाई स्पर्धेत बोलिंगचे एकही पदक आजवर मिळालेले नाही, ही गोष्ट मी झाकून ठेवत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या एकाला कधीतरी ते मिळू शकले असते, त्याच्यासाठीचा प्रकारच आता उरलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की खेळायला आशियाई पदकच कशाला हवे, विश्व अजिंक्यपद आहे, देशोदेशीच्या खुल्या स्पर्धा आहेत. आमच्या देशातली वस्तुस्थिती अशी आहे की क्रीडा अनुदान, रोख पारितोषिके, सरकारी नोकरीतले खेळाडू आरक्षण, रजा आणि प्रवासखर्च यांपैकी जवळजवळ प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की तुमचा खेळ ऑलिंपिक, आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेत आहे का. ‘नाही’ म्हटले की पुढचा अर्ज वाचला जात नाही. आपली यादी हे म्हणूनच केवळ सोळा दिवसांच्या स्पर्धेचे वेळापत्रक नसते, डझनभर देशांतल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये ती पात्रतेचा पुरावा म्हणून वापरली जाते.

आणि परिषदेने ही ताकद चांगल्या रीतीने वापरल्याचे उदाहरण आमच्या महाराष्ट्रातच आहे. कंपाउंड धनुर्विद्या, म्हणजे टोकांना चाके लावलेल्या धनुष्याची नेमबाजी, ऑलिंपिकमध्ये नव्हती. तरीही आपण ती २०१४ पासून आशियाई स्पर्धेत घेतली. हांगझोऊमध्ये नागपूरच्या ओजस देवतळे याने त्यात तीन सुवर्णपदके जिंकली, साताऱ्याच्या अदिती स्वामीने सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य आणले. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार आला आहे. स्क्वॉशचेही तसेच, १९९८ पासून आशियाईत आणि ऑलिंपिकमध्ये २०२८ ला प्रथमच. टोकियो ऑलिंपिकसाठी २०१५ साली जे आठ खेळ शेवटच्या यादीत होते त्यांत बोलिंग आणि स्क्वॉश दोन्ही होते आणि दोन्ही तेव्हा नाकारले गेले. स्क्वॉशला त्या नकारानंतरही आपले व्यासपीठ राहिले. बोलिंगचे तीन वर्षांत निम्मे झाले आणि मग गेले.

परत आणायचे तर कसे, याचा नमुना दुसऱ्या खंडात तयार आहे. अमेरिका खंडाच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत बोलिंग १९९१ पासून आहे आणि २०२३ च्या सांतियागोपर्यंत ते टिकून आहे. तिथे अलीकडे पुरुष आणि महिलांची एकेरी व दुहेरी अशी चारच पदके ठेवली जातात आणि एका देशाचे दोन पुरुष व दोन महिला एवढेच खेळाडू असतात. लहान देशाला चार विमान तिकिटांत पूर्ण स्पर्धा खेळता येते, मोठ्या देशाला पदकांची लूट करता येत नाही, आणि यजमानाचे क्रीडाग्राम भरून जात नाही. आपण पालेंबांगमध्ये याच्या बरोबर उलटे केले, पदके कमी केली पण संघ मोठे ठेवले. बारा प्रकार परत द्या अशी माझी मागणी नाही. ते अतिच होते, आणि आठवडाभर चालणाऱ्या फेऱ्या बघायला आमचे घरचेही येत नसत. चार पदके द्या, पण त्यात एकेरी असू द्या.

स्थळाचा प्रश्न दोह्यात तरी उद्भवू नये. २००६ ची आशियाई स्पर्धा याच शहरात झाली आणि बोलिंग तिथल्या कतार बोलिंग सेंटरमध्ये खेळले गेले. कतारच्याच अहमद शाहीन यांनी १९९९ साली विश्वचषक जिंकला होता. आखातात या खेळाचे जग जिवंत आहे. २०२१ चे विश्व अजिंक्यपद दुबईत झाले, २०२३ चे कुवेतमध्ये, म्हणजे आपल्या मुख्यालयाच्या शहरात. इंचिऑनने २०१४ मध्ये शेजारच्या आन्यांग शहरातली तयार व्यवस्था वापरली आणि टोरांटोने २०१५ च्या पॅन अमेरिकन स्पर्धेसाठी एक चालू व्यापारी बोलिंग केंद्रच घेतले. राहता राहिला आयची प्रांत, तर तिथल्या इनाझावा शहरात एकाच मजल्यावर ११६ लेन असलेले, जगात सर्वांत मोठे मानले जाणारे बोलिंग केंद्र आहे. त्या प्रांतात आशियाई स्पर्धा होते आणि बोलिंग यादीत नसते, याला जागेची अडचण म्हणता येणार नाही.

दूरचित्रवाणीचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्य आहे. पारंपरिक गुणमोजणीत स्ट्राइकचे गुण पुढच्या दोन चेंडूंवर अवलंबून असल्याने फलकावरचा आकडा मागे रेंगाळतो. नवा प्रेक्षक गोंधळतो. आंतरराष्ट्रीय महासंघाने यावर तोडगा काढलेला आहे, त्यात स्ट्राइकला तिथल्या तिथे ३० गुण मिळतात आणि स्पेअरला, म्हणजे दोन चेंडूंत मिळून दहाही पिना पाडल्यास, दहा अधिक त्याच फ्रेममधल्या पहिल्या चेंडूचे गुण. सर्वोच्च गुणसंख्या तरीही ३०० च राहते. मला व्यक्तिशः जुनी पद्धत प्रिय आहे, कारण दहाव्या फ्रेममध्ये मागचा हिशेब एकदम उलगडताना जी धडधड होते ती नव्यात नाही. पण आशियाई स्पर्धेत परत येण्याची ती किंमत असेल तर ती द्यावी. त्याचबरोबर बाद फेरी समोरासमोरची ठेवावी आणि पडद्यावर तेलाची आखणी रंगाने दाखवावी, म्हणजे चेंडू का वळला हे घरी बसलेल्याला समजेल. क्रिकेटच्या प्रक्षेपणात चेंडूचा मार्ग रेघांनी दाखवायला लागल्यापासून आमच्या आज्यांनाही पायचीतचा निर्णय समजू लागला.

साहित्याच्या खर्चाबद्दलही एक सूचना करतो. मोठ्या संघांचे खेळाडू सहा-सहा चेंडू घेऊन येतात आणि विमानाच्या वजनमर्यादेशी झगडतात. भारतात आयात केलेला एकेक चेंडू घेताना महिन्याचा हिशेब मांडावा लागतो. एका खेळाडूने स्पर्धेत किती चेंडू नोंदवावेत यावर कमी मर्यादा घालावी आणि तेलाची आखणी काही महिने आधी जाहीर करावी. तेवढ्याने दरी मिटणार नाही, पण ज्याच्याकडे दोनच चेंडू आहेत त्याला निदान कोणते दोन न्यायचे हे ठरवता येईल.

प्रत ज्यांना पाठवत आहे त्या भारतीय ऑलिंपिक संघटनेस दोन ओळी. २०३० हे वर्ष आपल्यासाठी दुहेरी आहे, दोह्यात आशियाई आणि अहमदाबादमध्ये राष्ट्रकुल. राष्ट्रकुल स्पर्धेत टेनपिन बोलिंग एकदाच, १९९८ साली क्वालालंपूरला खेळले गेले. त्याच वर्षी तिथे पहिल्यांदा क्रिकेटही आले होते आणि ते २४ वर्षांनी बर्मिंगहॅमला महिलांच्या स्पर्धेच्या रूपाने परतले. त्याच बर्मिंगहॅममध्ये भारताच्या चार महिलांनी लॉन बोल्समध्ये सुवर्ण जिंकले आणि तोवर ज्या खेळाचे नाव घरात कोणी घेतले नव्हते त्याचे नियम लोक एकमेकांना समजावून सांगू लागले. अहमदाबादसाठी मी मागणी करत नाही. यजमानाच्या यादीवर आधीच पुष्कळांचे डोळे आहेत. पण आशियाई परिषदेच्या बैठकीत खेळांच्या यादीचा विषय येईल तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने गप्प बसू नये, आणि पदक नाही म्हणून बोलण्याचा हक्क नाही असे समजू नये.

महोदय, दोह्याच्या खेळांची अंतिम यादी ठरेल तेव्हा बोलिंगच्या बाबतीत निर्णय काहीही असो, त्याची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत, ही माझी शेवटची विनंती आहे. पालेंबांगला एकेरी का गेली आणि हांगझोऊला खेळच का गेला, याचे सविस्तर उत्तर खेळाडूंना मिळाले असते तर राष्ट्रीय संघटनांना त्यानुसार तयारी करता आली असती, कोणी नवे स्वरूप सुचवले असते, कोणी जागा देऊ केली असती. आज सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी २०३० डोळ्यांसमोर ठेवून सराव करायचा की नाही, हे त्यांच्या पालकांना ठरवायचे आहे, आणि ते यादीची वाट बघत आहेत.

कळावे,

आपला विश्वासू,
पुण्यातील एक हौशी बोलिंगपटू